नांदुऱ्याहून घाटावर : वचनाचा आणि उपासनेचा एक मार्ग

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ असे दोन भाग पडतात, आणि ही विभागणी कोणत्याही शासकीय नकाशापेक्षा लोकांच्या बोलण्यात अधिक पक्की आहे. उत्तरेकडचे पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, ज्याला जुन्या दप्तरांत पयनघाट म्हणत, ते घाटाखाली. आणि दक्षिणेकडचे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार, म्हणजे जुना बालाघाट, ते घाटावर. नांदुरा हे तालुक्याचे गाव घाटाखालचे. बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावणारी ज्ञानगंगा गावाला लागून पूर्णेच्या दिशेने जाते, मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 म्हणून ओळखला जाणारा रस्ता असे दोन मोठे मार्ग येथून जातात, आणि महामार्गावरच्या प्रवाशाला गावाची खूण पटते ती 105 फूट उंचीच्या हनुमानाच्या मूर्तीवरून. जिल्ह्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एका टक्क्याच्याही बरेच खाली असल्यामुळे, ख्रिस्ती उपदेशाचा आणि उपासनेचा माग काढायला निघालेल्याने वसई, गोवा किंवा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) सोडून नांदुऱ्याला उतरावे, याचे कोणालाही नवल वाटेल. पण वसई-गोव्यात ही गोष्ट चार शतकांहून अधिक जुनी, मोठी आणि दगडी इमारतींत स्थिरावलेली आहे. वऱ्हाडात ती उशिरा आली, थोड्यांपुरती राहिली, आणि म्हणूनच शास्त्रातले वचन परक्या मातीत कशाच्या आधाराने रुजते व कशामुळे अडते, हे येथे अधिक उघडपणे पाहता येते.

या भागात वचन आले ते आगगाडीने, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार 1853 मध्ये इंग्रजांकडे आला, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून पूर्वेला जाणारा फाटा 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला, आणि जलंब ते खामगाव हा कापसासाठी बांधलेला छोटा फाटा 1870 मध्ये सुरू झाला. पुढच्या काही दशकांत या भागात आलेल्या मिशनांच्या ठाण्यांची नावे वाचली तर स्थानकांची यादी वाचल्यासारखे वाटते : भुसावळ, मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर, चांदूर, आणि फाट्यावरचे खामगाव. ठाणे म्हणजे मिशनरींचे वास्तव्य, शाळा, प्रार्थनामंदिर आणि आसपासच्या खेड्यांत फिरण्याचा तळ. नांदुरा मलकापूर आणि खामगाव यांच्या मधोमध येते, आणि ठाण्यांच्या मधल्या गावांचे जे होते तेच येथे अपेक्षित आहे : उपदेशकाची फेरी, बाजाराच्या दिवशी झाडाखाली गायन व भाषण, मग पुढचे गाव.

ही ठाणी बहुतांशी ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी संस्थेची होती, जिला स्थानिक लोक नुसते ‘अलायन्स’ म्हणतात. कॅनडात जन्मलेले पाद्री ए. बी. सिम्पसन यांनी 1887 मध्ये तिचा पाया घातला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस तिचे कार्यकर्ते वऱ्हाडात आले. अकोला हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. सिम्पसन यांच्या शिकवणीला ‘चतुर्विध सुवार्ता’ म्हणतात, म्हणजे ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, असे चार पदरी प्रतिपादन. धर्मशास्त्राच्या वर्गात हे चारही पदर सारख्याच महत्त्वाचे असतील, परंतु ज्या मुलखात हिवताप, पटकी आणि नंतर प्लेग यांनी घरेच्या घरे रिकामी केली, तेथे तिसरा पदर इतर तिन्हींच्या पुढे गेला असल्यास आश्चर्य नाही. आजही या भागातल्या प्रार्थनासभांत पापक्षमेइतकेच, कधी त्याहून अधिक, आजारपणाचे नाव घेतले जाते. अकोल्याच्या ठाण्यात काम करणाऱ्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांवरील अन्यायांविषयी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला पंडिता रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. मिशनरी लेखनात भेटणारा परक्याचा वरून पाहण्याचा सूर त्या पुस्तकातही आहे, मात्र बालविवाह आणि वैधव्य यांबाबत त्याने मांडलेले प्रश्न केवळ त्या सुरामुळे खोटे ठरत नाहीत. 1896-97 चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ 1899-1900 चा, संवत 1956 वरून लोकांच्या स्मरणात राहिलेला ‘छप्पन्न्या’, यांनी अनाथ मुलांची जबाबदारी मिशनांवर टाकली, आणि वऱ्हाडातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत या मुलांचा मोठा वाटा राहिला. मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी जमणारा श्रद्धावंतांचा समुदाय, इमारत नव्हे. इमारतीला येथे ‘चर्च’ किंवा ‘प्रार्थनामंदिर’ म्हणतात.

नांदुऱ्याहून उत्तरेला पूर्णेच्या दिशेने जाऊ लागले की खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे असते, विहीर खोदली तरी पिण्याजोगे पाणी लागेलच असे नाही, आणि गोड पाण्याचा झरा हा गावाच्या इतिहासातला महत्त्वाचा मुद्दा असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, दुपारच्या वेळी, चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. (शुभवर्तमान म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनाचा आणि शिकवणीचा वृत्तान्त, नव्या करारात असे चार वृत्तान्त आहेत.) युरोपातल्या श्रोत्याला या प्रसंगातला सामाजिक ताण तळटीप देऊन समजावावा लागतो. वऱ्हाडात तो समजावण्याची गरज नव्हती. येथील आरंभीच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळ महार आणि मांग वस्त्यांतली होती, आणि गावविहिरीवर कोणी चढायचे, कोणी दूर उभे राहून कोणीतरी ओतील म्हणून वाट पाहायची, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. वरच्या समजल्या गेलेल्या जातीचा मनुष्य आपण होऊन खालच्या मानलेल्या स्त्रीच्या हातचे पाणी मागतो, ही या कथेची कळ ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात कळते, आणि पुढे ‘जिवंत पाण्या’ची जी भाषा येते तिला खाऱ्या विहिरींच्या मुलखात आपोआप वजन लाभते. कथेच्या शेवटी ती स्त्री घागर तिथेच ठेवून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते, म्हणजे त्या गावातली पहिली उपदेशक तीच ठरते. मिशनांनी नेमलेल्या ‘बायबलबाया’, ज्या घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवत आणि अक्षरओळख करून देत, त्यांच्या कामाला याहून जवळचे शास्त्रोक्त उदाहरण सापडणे कठीण. मंडळ्यांच्या लिखित इतिहासात पाळकांची नावे ओळीने येतात आणि बायबलबायांची क्वचित येतात, ही गोष्ट मात्र शोमरोनी स्त्रीचे नावही शुभवर्तमानात नसण्याशी फारच जुळते.

याच्या उलट प्रकार पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा. दृष्टान्त म्हणजे नेहमीच्या जगण्यातली गोष्ट सांगून तिच्या आडून अर्थ सुचवणारे कथन. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आलेला हा दृष्टान्त शेतकऱ्यांच्या प्रदेशात सर्वांत सोपा असावा, असे वरवर पाहता वाटते. पेरणारा बी पेरतो, काही वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. परंतु वऱ्हाडातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिफणीने पेरत आला. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे औत. वरच्या चाड्यात मूठभर धान्य सोडत राहायचे, ते नळ्यांतून उतरून फणाने पाडलेल्या तासात पडते, आणि मागे सरता धरून चालणारी बाई आंतरपिकाचे बी सोडत जाते. या पद्धतीत बियाणे वाटेवर पडणे म्हणजे पेरणाऱ्याचा निव्वळ गाफीलपणा. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये बी हाताने फेकीत आणि बहुधा नंतर नांगरीत, असे काही अभ्यासक मानतात. हा खुलासा केल्याशिवाय येथील प्रवचन पुढे सरकत नाही, आणि खुलासा न केल्यास श्रोता मनात म्हणतो की या माणसाला आधी पेरायला शिकवा. सरळ वाचनात न दिसणारी एक गोष्ट मात्र या अडचणीतून हाती लागते : दृष्टान्तातला पेरणारा जमीन पारखून बी टाकत नाही, तो सगळीकडे टाकतो, आणि काटकसरीने शेती करणाऱ्या माणसालाच ही उधळण सर्वांत आधी खटकते. खडकाळ जागेचा भाग तर घाटाखाली आणि घाटावर वेगवेगळा ऐकू येतो. नांदुरा-मलकापूरकडच्या खोल काळ्या मातीत खडक ही कल्पनाच दूरची आहे. घाटावरच्या मुरमाड, उथळ जमिनीत मात्र रोप लवकर वर येते आणि चार दिवस पावसाने ओढ दिली की करपते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

नांदुऱ्याहून पूर्वेला जाणारी गाडी जलंबवरून शेगावला पोचते. तेथे 1910 मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांचे संस्थान आहे, आणि आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाणारी मोठी पालखी तेथून निघते. या परिसरात ख्रिस्ती उपदेशाचा विचार करताना शेगाव बाजूला ठेवून चालत नाही, कारण ज्या श्रोत्यांसमोर उपदेशक उभा राहिला त्यांचे कान भजनाने आणि कीर्तनाने घडलेले होते. पुढच्या काळात गाडगेबाबांचे प्रश्नोत्तरी कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी याच वऱ्हाडाने ऐकली. व्यासपीठामागे उभे राहून तीन मुद्द्यांत विभागलेले भाषण तासभर ऐकण्याची सवय या श्रोत्याला नव्हती, आणि खरे पाहता फारशी गरजही नव्हती. मराठी ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात : पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे निरूपण, उत्तररंगात त्या तत्त्वाला पुष्टी देणारे आख्यान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात हीच चौकट घेऊन पूर्वरंगाला शास्त्रवचन आणि उत्तररंगाला उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची कथा योजण्याची रीत पडली, आणि पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने ती गावोगाव गेली. कल्पना सर्वस्वी नवी होती असेही नाही; गोव्यात 1616 मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलचा वृत्तान्त सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितला, तो नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी गाता यावा म्हणूनच.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव नारायण वामन टिळक यांचे, आणि त्यांच्या कथेतही आगगाडी आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिककडून नागपूरला जायचे तर त्या काळी लोहमार्ग भुसावळ-नांदुरा-अकोला हाच होता, आणि टिळक पतिपत्नींच्या आयुष्यातली बरीच ताटातूट व भेटी याच मार्गाच्या दोन टोकांना घडल्या. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानत, आणि त्यांनी अभंग, भजने व पदे लिहिली ती त्या वाटेचे ऋण मान्य करूनच. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ काढला. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत, आणि हा संग्रह मराठी मंडळ्यांच्या बाकांवर बायबलच्या जोडीने सापडतो.

या संग्रहात दोन स्वभावांची गीते शेजारी शेजारी नांदतात. एक प्रकार इंग्रजी स्तोत्रांच्या भाषांतराचा, जो मूळ पाश्चात्त्य चालीवर गायला जातो. दुसरा प्रकार मराठी भजनाचा. पहिल्या प्रकारात चालीच्या मापात बसवण्यासाठी ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर आखडावे लागते, त्यामुळे जन्मभर मराठी बोललेला माणूसही आपलीच भाषा अडखळत बोलू लागतो. दुसऱ्या प्रकारात टाळ सुरू झाला की म्हातारी माणसे पुस्तक मिटून घेतात. अमेरिकेतून आलेल्या मिशनांनी भाषांतरित स्तोत्रांना जे प्रेमाने जपले त्यामागे त्यांची स्वतःची पुनरुज्जीवनाची, म्हणजे श्रद्धेला पुन्हा जाग आणणाऱ्या सामूहिक सभांची, आठवण होती. ती वऱ्हाडी श्रोत्याची आठवण नव्हती. उपदेशाची चौकट परकी राहिली आणि गाणे आपले झाले, हा निष्कर्ष काढण्यास या एका पुस्तकाचा पुरावा पुरेसा आहे. रविवारच्या उपासनेचा क्रम पाहिला तरी तेच दिसते : गीत, प्रार्थना, जुन्या व नव्या करारातून शास्त्रवाचन, पुन्हा गीत, पाळकांचा संदेश, अर्पण, गीत आणि शेवटी आशीर्वाद, महिन्यातून ठरलेल्या रविवारी त्यात प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर व द्राक्षरस यांच्या स्मरणविधीची, भर पडते. संदेश हा या क्रमाचा मध्य मानला जातो, पण वेळेचा हिशेब केला तर गाणे त्याच्या बरोबरीने उभे राहते.

नांदुऱ्याहून मोताळ्यावरून बुलढाण्याला जाणारा रस्ता राजूर घाट चढतो, आणि घाट चढला की मंडळीचे नाव बदलते. एकाच प्रदेशात दोन मिशनांनी एकमेकांचे श्रोते ओढू नयेत म्हणून त्या काळी क्षेत्रे वाटून घेण्याचा प्रघात होता. सुरुवातीला वऱ्हाडात या सीमा फार काटेकोर नव्हत्या, परंतु पुढे जे चित्र स्थिर झाले त्यात घाटाखाली प्रामुख्याने अलायन्स आणि घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर व पुढे वाशीमपर्यंत ‘चर्च ऑफ द नाझरीन’ असे झाले. नाझरीन मंडळीच्या पूर्वसुरी संघटनेचे पहिले मिशनरी 1898 मध्ये भारतात आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बुलढाणा हे त्यांचे ठाणे बनले. जॉन वेस्ली या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून आलेला ‘पवित्रीकरणा’चा सिद्धान्त, म्हणजे क्षमेनंतर मनुष्याचे अंतःकरणही पूर्ण शुद्ध होऊ शकते हा विश्वास, हे या मंडळीचे वैशिष्ट्य. डोंगराच्या एका धारेने ईश्वरशास्त्राचीही सीमा आखावी हे विचित्र आहे खरे, पण मुलीचे लग्न घाटाखाली झाले की तिची मंडळी बदलायची आणि पवित्रीकरणावरचे मत बहुधा पूर्वीचेच राहायचे, हे लक्षात घेता त्या सीमेचे ओझे सामान्य माणसाने फार वाहिले असेल असे वाटत नाही. वाशीमला नाझरीन मंडळीने 1930 च्या दशकात सुरू केलेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल तर उपचारासाठी येणाऱ्याला कोणताच सिद्धान्त न विचारता त्या सबंध मुलखाला परिचित झाले.

कॅथॉलिक परंपरा या वाटेवर तुलनेने विरळ आढळते. बुलढाणा जिल्हा 1955 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागलेली मिस्सा, म्हणजे कॅथॉलिकांची प्रमुख उपासना, येथे मराठीत व हिंदीत ऐकू येते. बायबलच्या मराठी रूपांबाबतही आता निवड उपलब्ध आहे. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर छापखान्यातून 1805 मध्ये निघालेल्या मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानापासून, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून एकटीने सिद्ध केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण भाषांतरावरून, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंत ही परंपरा येते. तरी वऱ्हाडातल्या जुन्या मंडळ्यांत पाठांतराची वचने बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतरातलीच असतात, आणि नवे भाषांतर वाचले तरी म्हातारे डोळे मिटून जुनेच म्हणत राहतात.

घाटावर काय आणि घाटाखाली काय, उपासनेचा आवाज गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलला आहे. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, घराघरांत आठवड्याच्या मधल्या दिवशी भरणाऱ्या प्रार्थनासभांत सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करण्याची रीत पसरली, जी 1905 मध्ये केडगावच्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधील जागृतीतही आढळली होती, आणि गीतसंग्रहाच्या जागी मोबाइलवरची हिंदी कोरसे, म्हणजे चार-सहा ओळी पुन्हा पुन्हा म्हणण्याची छोटी गाणी, आली. हिंदी कोरसांनी अलायन्स आणि नाझरीन यांच्यातला फरक जवळजवळ पुसून टाकला आहे, कारण दोन्हीकडे तीच गाणी त्याच चालीत ऐकू येतात. उपदेशात मात्र वऱ्हाडी बोली आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने उतरते. पहिल्या पिढ्यांचे पाळक व्यासपीठावर चढताच पुणेरी पुस्तकी मराठी बोलू लागत, तर आजचा तरुण पाळक शोमरोनी स्त्रीचा संवाद सरळ विहिरीवरच्या वऱ्हाडीत बोलून दाखवतो, श्रोते हसतात, आणि मग पुढचा अध्याय उघडला जातो.